मोड आणि माप: भंडाऱ्याच्या पितळेपासून हायब्रिडच्या बॅटरीपर्यंत

हायब्रिड गाडी आठ-दहा वर्षांची होते, डॅशबोर्डवर तांबडा त्रिकोण पेटतो आणि वर्कशॉपमधून 'पूर्ण बॅटरीच बदला' असा निरोप येतो. नागपूरच्या पूर्वेला राहणाऱ्या मालकापुढे मग दोनच वाटा उरतात. एकतर लाखांच्या घरातला खर्च करायचा, नाहीतर गाडी मिळेल त्या भावाने काढून टाकायची. असे का, म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते: तंत्रज्ञान नवे आहे, लहान गावातल्या मिस्त्रीला ते झेपत नाही. भंडारा जिल्ह्याच्या इतिहासाशी ताडून पाहिले तर हे उत्तर टिकत नाही. या जिल्ह्याने पितळ ओतले आणि ठोकले, बॅटरीच्या सेलसाठी लागणारे मँगनीज जमिनीतून काढले आणि हमरस्त्यावरच्या ट्रकांच्या बॅटऱ्या उघडून दुरुस्तही केल्या. या तीन धंद्यांची चढउतार एकमेकांशेजारी मांडली, तर दुरुस्ती कुठेही केवळ नवेपणामुळे बुडालेली दिसत नाही. ती दोन गोष्टींवर तगली किंवा बुडाली. पहिली मोड, म्हणजे जुन्या वस्तूला वजनावर मिळणारी किंमत. दुसरी माप, म्हणजे बिघाड आत नेमका कुठे आहे हे गावातल्या माणसाला शोधता येणे. मोडीमुळे वस्तूतला माल वाया जात नाही. वस्तूचे आयुष्य मात्र मापामुळे वाढते. बॅटरीविषयी बोलताना आपण या दोन गोष्टींची गल्लत करतो आणि मोडीची व्यवस्था झाली की दुरुस्तीचीही झाली असे समजून चालतो.

सुरुवात पितळेपासून करावी लागते, कारण भंडारा शहराची ओळखच ती आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी गॅझेटियरांनीही या शहराची ओळख पितळी भांड्यांच्या कामाने करून दिली. गुंड, गडवा, गंज, कोपर, परात, बंब ही भांडी वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या घरांतून पिढ्यानपिढ्या वापरली गेली. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, आणि दोन्ही धातू बाहेरून आणावे लागत. म्हणूनच जुन्या भांड्यांची मोड हा या धंद्याचा मोठा आधार होता. गिऱ्हाईक चेपलेला, झिजलेला गुंड घेऊन दुकानात जाई. दुकानदार तो तराजूत घाली, मोडीचा भाव लावी, नव्या भांड्याच्या वजनाशी वजावट करी आणि फरकाच्या जोडीला घडणावळ घेई. जुने भांडे मुशीत जाऊन पुन्हा नवे होई. लग्नात आलेल्या भांड्यांवर नाव आणि साल घातलेले असे, तरी वेळ आली की नावासकट भांडे वितळवायला कोणी फारसे कचरत नसे. भावना कितीही असली तरी धातूचा हिशेब घरातल्या सगळ्यांना ठाऊक होता.

पण प्रत्येक बिघडलेले भांडे मोडीत जात नसे, आणि इथेच मापाचा संबंध येतो. भांडे गळत असेल तर पाणी भरून ते कोरड्या फरशीवर ठेवत आणि ओल कुठून येते ते पाहत. चीर बारीक असेल तर टिचकी मारून नाद ऐकत; सलग भांडे खणखणते, चिरलेले बद्द वाजते. आतल्या पांढऱ्या थराखालून पिवळा पत्रा दिसू लागला की अन्न कळकण्याआधी कल्हई करून घेत. भोक असेल तर झाळ, चेप असेल तर ठोक, थर गेला असेल तर कल्हई, आणि पत्राच झिजून पातळ झाला असेल तरच मोड. ही निवड करायला कारखान्याची परवानगी लागत नसे, कारण परीक्षा उघड्यावर होती आणि घरची बाईही ती करू शकत होती. कल्हईवाल्याला फसवायचे असते तरी फसवणे कठीण होते. भांडे तापवून, नवसागराची पूड टाकून, कथील फिरवून, कापसाच्या बोळ्याने पुसून तो जे काही करी ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत होई. पितळेच्या धंद्यात मोड आणि माप या दोन्ही गोष्टी गावातच होत्या. म्हणून भांड्यांची दुरुस्ती आणि त्यांचा पुनर्जन्म हे दोन वेगळे धंदे शेजारीशेजारी नांदू शकले.

आता याच जिल्ह्यातली उलटी बाजू पाहू. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजरुक आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. मध्य प्रांतातल्या मँगनीजचा शोध घेणारी सिंडिकेट १८९६ मध्ये स्थापन झाली. तिच्या जागी पुढे 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी' ही ब्रिटिश कंपनी आली आणि १९६२ मध्ये त्या कंपनीच्या मालमत्तेतून आजची 'मॉयल' उभी राहिली. भारतीय भूगर्भ सर्वेक्षणाच्या फर्मर यांनी १९०९ च्या आपल्या प्रबंधात या पट्ट्यातल्या खनिजाची तपशीलवार नोंद केली. यातले बहुतेक मँगनीज पोलादासाठी जाते. परंतु डोंगरी बुजरुकच्या उघड्या खाणीतून मिळणाऱ्या मँगनीज डायऑक्साइडला आणखी एक गिऱ्हाईक आहे, ते म्हणजे कोरड्या सेलचा उद्योग. त्यासाठी लागणारे अधिक शुद्ध, इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा कारखानाही मॉयलने तिथेच उभारला. फ्रान्सच्या लेक्लांशे यांनी १८६६ मध्ये जो सेल बनवला, त्यात जस्त, नवसागर आणि मँगनीज डायऑक्साइड हे तीन मुख्य घटक होते. टॉर्चमधला जुना कोरडा सेल हा त्याचाच वंशज. या घटकांकडे भंडाऱ्याच्या नजरेने पाहिले तर गंमत वाटते. जस्त पितळ ओतणाऱ्याच्या मुशीत होते, नवसागर कल्हईवाल्याच्या पिशवीत होता आणि मँगनीज तुमसरच्या डोंगरात होते.

तिन्ही घटक हाताशी असूनही सेलच्या दुरुस्तीचा काय, पण सेलच्या ज्ञानाचाही धंदा इथे उभा राहिला नाही. रात्री धानाच्या बांधीला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या हातात टॉर्च होता. सेल मंदावले की ते उन्हात ठेवायचे, एवढाच काय तो घरगुती उपाय होता. त्याने थोडा वेळ उजेड वाढे, पण सेल काही भरत नसे. संपलेला सेल पोरांच्या हाती लागे. ती दगडाने तो फोडत, मधली कोळशाची कांडी रेघोट्या ओढायला काढून घेत, तिच्या टोकावरची इवलीशी पितळी टोपी फेकून देत आणि बोटे काळ्या पुडीने माखून घेत. ती काळी पूड म्हणजे मँगनीज डायऑक्साइड आणि कोळसा यांचे मिश्रण. म्हणजे जिल्ह्यातून गेलेला माल जिल्ह्यातच परत येत होता, पण त्याला ना मोड होती ना माप. जस्ताचा डबा वापरात खाऊन गेलेला असे, त्याचे वजन कोणी करीत नसे. आणि आतले रसायन परत फिरवता येत नसल्यामुळे सेल उघडूनही काही साधत नसे. यात कोणी काही दडवून ठेवले असे नाही, सेलचा घाटच तसा आहे. तरी त्यातून एक धडा मिळतो. खनिज आपल्या मातीत असले म्हणून त्यातून बनणाऱ्या वस्तूची जाण आपोआप गावात येत नाही. बॅटरीच्या युगात खाणीचा जिल्हा सहज पुढे जाईल असे म्हणणाऱ्यांनी तुमसर आणि टॉर्च यांच्यातले हे अंतर ध्यानात घ्यावे.

तिसरी वस्तू मोटारीची बॅटरी. शिशाची, पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवली होती, पण मोटारीत तिला कायमची जागा मिळाली ती १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर बसल्यापासून. त्याआधी पुढून हँडल मारून इंजिन सुरू करावे लागे. नागपूरहून रायपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड भंडारा, लाखनी, साकोली अशी गावे गाठत जातो. पुढे तो मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ चा भाग झाला आणि आता त्याचा क्रमांक ५३ आहे. अशा रस्त्यालगत ट्रकांची वर्दळ वाढली की पंक्चरवाला, वेल्डिंगवाला आणि बॅटरीवाला हे तिघे येतातच. त्या काळची बॅटरी उघड्या स्वभावाची होती. काळ्या कठीण रबराचा डबा, आत दोन-दोन व्होल्टचे वेगळे सेल, प्रत्येकाचे वेगळे झाकण, झाकणांच्या कडांना ओतलेले डांबर आणि एका सेलमधून दुसऱ्यात जाणाऱ्या शिशाच्या जाड पट्ट्या अगदी वर, डोळ्यांसमोर. बॅटरीवाला प्रत्येक सेलचे बूच काढून हायड्रोमीटरचा रबरी फुगा दाबत असे आणि काचेच्या नळीत ॲसिड वर ओढून तरंगणाऱ्या काट्यावरची ग्रॅव्हिटी वाचत असे. चांगल्या भरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी साडेबाराशेच्या आसपास येते, बसलेल्याची अकराशेच्या घरात.

या तपासाच्या मुळाशी असलेला प्रश्न साधा होता: सगळे सेल सारखे खाली आहेत, की एकच खाली आहे? सहाही सेल सारखेच उतरलेले असतील तर दोष बहुधा बॅटरीत नसतो. डायनॅमो भरत नाही, पट्टा सैल आहे किंवा गाडी फार दिवस उभी होती, असे समजायचे आणि बॅटरी चार्जिंगला लावायची. पाच ठीक आणि एकच खाली असेल तर 'सेल गेला' म्हणायचे. मग वरची पट्टी कापायची, डांबर तापवून सोडवायचे, त्या सेलच्या प्लेटांचा संच बाहेर काढायचा, मधली पाने किंवा प्लेटा बदलायच्या आणि शिसे ओतून पट्टी परत जोडायची. भांड्यात पाणी भरून ओल शोधणे आणि सेलनिहाय ग्रॅव्हिटी वाचणे यांत तत्त्वाचा फरक नाही. दोन्ही परीक्षा सबंध वस्तूला निकालात न काढता तिचा आजारी भाग वेगळा करतात. शिवाय शिशाला मोड होतीच. म्हणजे या बॅटरीला पितळेची दोन्ही बळे मिळाली होती, आणि म्हणूनच परदेशात जन्मलेले, रसायनाने भरलेले, ॲसिडने हात भाजणारे हे यंत्र महामार्गावरच्या टपरीत रुळले. त्या वेळी हेही तंत्रज्ञान नवेच होते.

पुढे बॅटरीचे रूप पालटले. रबराच्या जागी प्लास्टिकचा डबा आला, सेल जोडणाऱ्या पट्ट्या आतल्या भिंतींतून जाऊ लागल्या, झाकण उष्णतेने कायमचे चिकटवले जाऊ लागले आणि शेवटी पाणी घालायची बुचेही गेली. देखभालमुक्त बॅटरीच्या वरून फक्त दोन टर्मिनल दिसतात आणि सहा सेलचे मिळून एकच व्होल्टेज मोजता येते. एक सेल गेला की सबंध डबा गेला. मोड मात्र कायम राहिली. आजही 'जुनी द्या, नवी घ्या' हाच व्यवहार चालतो आणि जुनीच्या शिशाची वजावट बिलात दिसते. इथे मोड आणि माप यांची फारकत स्पष्ट दिसते. माल फिरत राहिला, पण उघडून पाहण्याचे, सेल वेगळा करण्याचे कसब संपले आणि बॅटरीवाला अदलाबदलीचा दुकानदार झाला. शिशाचे चक्र चालू आहे म्हणजे दुरुस्तीची संस्कृती जिवंत आहे, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

यावर एक रास्त हरकत येईल. देखभाल लागत नाही हा दोष कसा? स्टीलच्या भांड्यांना कल्हई लागत नाही, म्हणून लोकांनी पितळ माळ्यावर टाकले आणि स्वयंपाक सुरक्षित झाला. बॅटरीत दर महिन्याला पाणी घालण्याची कटकट गेली आणि गाड्या अधिक भरवशाच्या झाल्या. ही हरकत अर्धी मान्य करायला हवी. ज्या वस्तूचे काम तिच्या झिजण्यावर अवलंबून नाही, तिची दुरुस्ती नाहीशी झाली तर बिघडत नाही. स्टीलचे ताट वापराने संपत नाही. परंतु बॅटरी ही वापरानेच संपणारी वस्तू आहे. भरणे आणि रिकामे होणे या प्रत्येक फेऱ्यात तिच्यातले काहीतरी खर्ची पडते, आणि सगळ्या सेलमध्ये ते सारखे पडत नाही. देखभाल काढून टाकता येते, म्हातारपण काढून टाकता येत नाही. बॅटरी तीन-चार हजारांची असताना हा भेद खिशाला जाणवला नाही. ती लाखांची झाली की जाणवतो.

लाखांची बॅटरी भारतात आली ती हायब्रिड गाडीतून. होंडाची सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये, टोयोटाची प्रियस २०१० मध्ये आणि कॅमरी हायब्रिड २०१३ मध्ये इथल्या बाजारात आली. २०१५ पासून मारुतीच्या सियाझसारख्या गाड्यांत सौम्य हायब्रिड यंत्रणा आली, तिच्या जोडीला केंद्राच्या 'फेम' योजनेचे अनुदानही होते. २०२२ मध्ये हायरायडर, ग्रँड व्हिटारा आणि इनोव्हा हायक्रॉस या पूर्ण हायब्रिड गाड्या आल्या आणि हा प्रकार मध्यमवर्गाच्या अंगणात पोहोचला. यांच्या पोटात काय असते ते जुन्या प्रियसवरून कळते. तिच्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीत २८ मॉड्यूल असतात, प्रत्येकात १.२ व्होल्टचे सहा सेल, म्हणजे एकूण १६८ सेल आणि २०१.६ व्होल्ट. गाडीचा संगणक दोन-दोन मॉड्यूलचा एक असे १४ ब्लॉक करून प्रत्येकाचे व्होल्टेज सतत पाहत असतो. हे वाचताना काळ्या रबराची जुनी बॅटरी आठवावी. इथेही एकमेकांना जोडलेले वेगवेगळे सेल, वर शिशाऐवजी तांब्याच्या पट्ट्या आणि प्रत्येक हिश्शाचे वेगळे माप. देखभालमुक्त डब्याने जे झाकून टाकले होते, ते हायब्रिडच्या बॅटरीत परत आले आहे.

म्हणून तिच्या दोषशोधनाचा क्रमही ओळखीचा निघतो. पहिला संशय मोठ्या बॅटरीवर घेऊच नये. अशा गाडीत १२ व्होल्टची एक साधी, शिशाची बॅटरीही असते. ती संगणक जागे करते आणि मोठ्या बॅटरीची जोडणी करणारे रिले ओढते. ती बसली तर 'रेडी' दिवा लागत नाही, भलतेच इशारे उमटतात आणि मालकाला वाटते की लाखाचा खर्च आला. दुसरी पायरी हवेची. अनेक हायब्रिड गाड्यांत मागच्या सीटजवळच्या जाळीतून केबिनची हवा ओढून एक छोटा पंखा बॅटरी थंड ठेवतो. जाळीत धूळ आणि तंतू साचले किंवा तिच्यासमोर पिशव्या रचल्या, की मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास तापणाऱ्या या मुलखात बॅटरी भाजून निघते, आणि निकेलचे सेल उष्णतेत नीट भरत नाहीत, लवकर म्हातारे होतात. तिसरी पायरी तांब्याच्या पट्ट्यांची. त्यांच्यावर हिरवा थर चढला की जोडाचा रोध वाढतो, मोजमाप खोटे येते आणि चांगला ब्लॉक आजारी दिसतो. पितळेच्या शहराला हा थर समजावून सांगायची गरज नाही. या तीन पायऱ्या संपल्यावरच जुना प्रश्न विचारायचा: गाडीवर भार असताना १४ ब्लॉक सारखे खाली येतात, की एक-दोनच कोसळतात? स्कॅनरवर उमटणारा पी०ए८० हा संकेत बॅटरी बदलण्याकडे बोट दाखवतो, पण आजार एका मॉड्यूलचा आहे की सर्वांचा, हे तो एकटा सांगत नाही. ते ब्लॉकनिहाय आकडे वाचून ठरते. ते आकडे गाडीतच असतात. ते मालकाला दाखवायचे की नाही, हे तपासणाऱ्याच्या मनावर राहते.

इथे सगळ्यात वजनदार हरकत येते ती धोक्याची. ॲसिडने हात भाजतो, पण २०० व्होल्टचा एकदिश प्रवाह माणूस मारतो. सर्व्हिस प्लग काढून कपॅसिटर रिकामे होण्यासाठी किमान दहा मिनिटे थांबले, तरी प्रत्येक मॉड्यूल आपापल्या जागी जिवंतच असतो. नारिंगी तारा आणि विजेचे रबरी हातमोजे यांचा अर्थ न कळणाऱ्याने झाकण उघडू नये, हे शंभर टक्के खरे. पण धोका आहे म्हणून ज्ञान एकाच दाराआड ठेवावे, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. याच जिल्ह्यात चिखल्याच्या भूमिगत खाणीत माणसे उतरतात आणि सुरुंग उडतात. तिथे देशाने कोणता मार्ग काढला? १९५२ चा खाण कायदा आणि १९६१ ची धातुखाणींची नियमावली यांनी फोरमन, मेट, ब्लास्टर यांना परीक्षा घेऊन प्रमाणपत्रे दिली. तुमसरच्या आसपासच्या गावातला माणूस ब्लास्टर होऊ शकतो, फक्त त्याला परीक्षा द्यावी लागते. उच्च दाबाच्या बॅटरीसाठीही हाच मार्ग हवा. आयटीआयच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात आता इलेक्ट्रिक वाहनांचा ट्रेड आहे. महामार्गावरच्या अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनला, दोन वर्षे वर्गात बसायला न लावता, फक्त परीक्षा देऊन परवाना मिळण्याची सोय त्याच्याशी जोडली तर धोका आटोक्यात येईल आणि माप गावात राहील. आज तसा परवानाच नाही. त्यामुळे जाणकार मिस्त्री हात लावत नाही आणि अर्धवट जाणणारा लावतो.

दुसरी हरकत तांत्रिक आहे आणि तिच्यात तथ्य आहे. एक मॉड्यूल बदलला की काही महिन्यांत दुसरा जातो, मग तिसरा. ही दुरुस्ती नसून ठिगळे आहेत, असे अनेक तंत्रज्ञ म्हणतात. जुन्यांच्या रांगेत नवाकोरा, जास्त धारणाशक्तीचा मॉड्यूल बसवला तर असमतोल वाढतो हेही खरे. शिशाच्या बॅटरीतही पाच थकलेल्या सेलमध्ये एक नवा बसवून फार काळ निभत नाही. म्हणून नुसते मोजणे पुरत नाही, मोजून जुळवणे लागते. काढलेला प्रत्येक मॉड्यूल भरून-रिकामा करून त्याची धारणाशक्ती नोंदायची आणि जवळच्या आकड्यांचे मॉड्यूल एकत्र बांधायचे. सगळेच थकले असतील तर पूर्ण बॅटरी बदला असे प्रामाणिकपणे सांगायचे. पत्राच झिजला असेल तर झाळ न देता मोड सुचवणे, हेही कारागिराच्या मापातच बसत होते. लिथियमच्या नव्या बॅटऱ्यांत हे काम अधिक जोखमीचे आहे. चुकीच्या भरणीने सेल पेट घेऊ शकतो. तिथे गावपातळीवर फक्त तपास व्हावा आणि उघडण्याचे काम मोठ्या केंद्रात व्हावे, अशी विभागणी योग्य ठरेल. तपास आणि दुरुस्ती एकाच छताखाली असल्या पाहिजेत असे नाही. पण तपासाचे निष्कर्ष मालकाच्या हाती आलेच पाहिजेत.

राज्यकर्त्यांनी या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. मात्र त्यांची पावले मोडीच्या दिशेने भराभर पडली आणि मापाच्या दिशेने रेंगाळली. शिशाच्या जुन्या बॅटऱ्या विक्रेत्यांनी परत घ्याव्यात यासाठी २००१ मध्ये नियम झाले. उघड्यावर शिसे वितळवल्याने आणि ॲसिड गटारात ओतल्याने होणारे नुकसान पाहता ते आवश्यक होते; मोडीचा धंदा नेहमी निरुपद्रवी असतो असे कोणी म्हणू नये. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वाहनांच्या सर्व प्रकारच्या बॅटऱ्या उत्पादकाच्या जबाबदारीखाली आणल्या. मापाचा प्रश्नही पुढे आला होता. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या निकालात १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, कारण स्वतंत्र गॅरेजना अस्सल सुटे भाग आणि निदानाची साधने मिळू दिली जात नव्हती. त्यावर अपिले झाली. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि तिच्या विषयांत मोटारींचाही समावेश केला. दोन्ही प्रवाहांची तुलना केली तर एक दिसते. मेलेल्या बॅटरीचे काय करायचे याला नियमांची चौकट आहे; बॅटरी खरोखर मेली आहे का, हे ठरवण्याचा हक्क कोणाचा, याला नाही.

शेवटची हरकत संख्येची. भंडारा जिल्ह्याच्या एमएच-३६ क्रमांकाच्या अशा किती गाड्या असतील, की त्यासाठी एवढा खटाटोप करावा? आज त्या थोड्याच दिसतात, हे मान्य. पण २०२२ च्या पूर्ण हायब्रिड गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी येईल तेवढी हमी दिलेली आहे. म्हणजे २०३० पासून या गाड्या हमीबाहेर पडू लागतील, आणि जुन्या गाड्यांचा प्रवास नेहमीच महानगराकडून जिल्ह्याकडे, जिल्ह्याकडून तालुक्याकडे होत आला आहे. मुंबई-पुण्यात आठ वर्षे चाललेली गाडी साकोली-लाखांदूरकडे येईल, ती हमी संपल्यानंतर आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात. बॅटरीचे म्हातारपण शहरात सुरू होईल आणि त्याचा खर्च भंडाऱ्यात निघेल. तोवर हातात असलेल्या वर्षांत एक छोटी गोष्ट करता येण्यासारखी आहे. जुनी हायब्रिड विकताना आरसी, विमा आणि पीयूसी यांच्या जोडीला ब्लॉकनिहाय व्होल्टेज आणि उरलेली धारणाशक्ती दाखवणारा तपासणीचा कागद सक्तीचा करावा, आणि तो देण्याचा अधिकार परवानाधारक स्वतंत्र गॅरेजलाही असावा. असा कागद लागू झाला की तो देणारी माणसे तयार होतील, आणि मोजणारा गावात असला की दुरुस्तीचा निर्णयही गावात घेता येईल. नाहीतर एका मॉड्यूलच्या आजारापायी सबंध गाडी वजनावर विकली जाईल, आणि जेव्हा कोणालाच काही मोजता येत नाही, तेव्हा मोडीचा भाव ठरवतो तो विकत घेणाराच.